कागद मागणारा गव्हर्नर

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांत भाताची मळणी झाली की खळ्यावरच्या राशीचे पूर्वी दोन वाटे पडत. एक मेलवारम, म्हणजे सरकारचा. दुसरा कुडिवारम, म्हणजे जमीन कसणाऱ्याचा. तंजावरच्या मराठी राज्याचा सारा डोलारा यांतील पहिल्या वाट्यावर उभा होता. 1776 साली या राशीवर तिसराच एक हक्कदार पुढे आला. तो राजा नव्हता, शेतकरी नव्हता, त्या मुलखाचा रहिवासीही नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मद्रासला राहणारा, वर्षाला काही शे पौंड पगार मिळवणारा तो एक कनिष्ठ नोकर होता. त्याचे नाव पॉल बेनफिल्ड आणि त्याच्या दाव्याची रक्कम 2,34,000 पौंड. या रकमेचा पुरावा मागणारा मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगट काही महिन्यांतच आपल्याच सहकाऱ्यांच्या कैदेत गेला आणि तेथून जिवंत सुटला नाही.

सरकारची फसवणूक उघडकीस आणणाऱ्या ‘जागल्यां’ना संरक्षण देणारा कायदा आपल्या संसदेने 2014 मध्ये संमत केला. तो आजही अमलात आलेला नाही. त्यामुळे होणारी हानी समजून घेण्यासाठी मला पिगटच्या आयुष्याइतके उपयोगी उदाहरण दुसरे दिसत नाही. हा माणूस साधू नव्हता, आणि म्हणूनच त्याचे उदाहरण अधिक बोलके आहे.

पिगटचा जन्म 1719 चा. वयाच्या अठराव्या वर्षी, 1737 मध्ये, तो कंपनीचा कारकून म्हणून मद्रासला आला आणि 1755 मध्ये तेथील गव्हर्नर झाला. फ्रेंच सेनापती लाली याने 1758 च्या डिसेंबरात मद्रासला वेढा घातला, तेव्हा फोर्ट सेंट जॉर्जचा बचाव पिगटच्या कारकिर्दीत झाला. दोन महिन्यांनी वेढा उठला, 1761 च्या जानेवारीत पाँडिचेरी पडली आणि दक्षिणेत इंग्रजांना तोलामोलाचा युरोपीय प्रतिस्पर्धी उरला नाही. 1763 मध्ये पद सोडून पिगट मायदेशी परतला, तो अफाट संपत्ती घेऊनच. तिचा अंदाज चार लाख पौंडांच्या घरात केला जाई. पुढे त्याच्याच नावाने प्रसिद्ध झालेला मोठा हिरा त्या संपत्तीत होता. त्याने इंग्लंडमध्ये जहागीर विकत घेतली, पार्लमेंटची जागा मिळवली आणि 1766 मध्ये आयर्लंडच्या उमरावांत त्याची गणना होऊ लागली. कंपनीचा नोकर नुसत्या पगारावर एवढा श्रीमंत होऊ शकत नाही, हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते.

मात्र या पहिल्या कारकिर्दीतील एक गोष्ट पुढच्या कथेसाठी महत्त्वाची आहे. अर्काटचा नबाब मुहम्मद अली आणि तंजावरचे राजे प्रतापसिंह यांच्यात खंडणीवरून वाद होता. पिगटच्या सरकारने मध्यस्थी करून 1762 मध्ये दोघांत तह घडवून आणला. तंजावरने नबाबाला दरवर्षी चार लाख रुपये द्यावेत, असे त्यात ठरले आणि त्या तहामागे कंपनीची हमी उभी राहिली. म्हणजे तंजावरच्या राज्याचे अस्तित्व ज्या कागदावर अवलंबून होते, तो पिगटच्याच कारकिर्दीतला होता.

पिगट गेल्यानंतरच्या बारा वर्षांत मद्रासमध्ये एक विलक्षण धंदा भरभराटीला आला. नबाबाच्या संरक्षणासाठी कंपनीने फौज ठेवली होती आणि तिचा खर्च नबाबाने कंपनीला द्यायचा होता. नबाबाकडे रोकड नसे. मग कंपनीचेच नोकर खासगीत त्याला जबर व्याजाने कर्ज देत. तारण म्हणून नबाब त्यांना आपल्या जिल्ह्यांच्या महसुलावर तनखे लिहून देई. मराठी राज्यकारभारात ज्याला वरात म्हणत, त्याच जातीचा हा कागद: अमुक तालुक्याच्या वसुलातून अमुक इसमाला अमुक रक्कम द्यावी. परिणाम असा, की जो महसूल आधी कंपनीच्या तिजोरीत यायला हवा, तो तिच्याच नोकरांच्या खिशात जाऊ लागला आणि नबाबाकडील कंपनीची येणी थकत राहिली. नोकर आपल्या मालकाचा स्पर्धक सावकार झाला होता. मुद्दलात प्रत्यक्ष रोख किती, जुने व्याज किती आणि निव्वळ आकडा किती, हे ऋणको आणि धनको यांच्याखेरीज कोणालाच कळत नसे. आणि दोघांनाही ते कळू देण्यात रस नव्हता. नबाबाला या सावकारांचे मद्रासच्या कौन्सिलातील वजन हवे होते; सावकारांना नबाबाची सही हवी होती.

कर्ज फुगत गेले तशी नव्या तारणाची गरज भासू लागली. दक्षिणेतील सर्वांत सुपीक मुलूख शेजारीच होता. खंडणी थकल्याचे निमित्त करून 1771 मध्ये तंजावरवर स्वारी झाली. 1773 च्या सप्टेंबरात कंपनीच्या फौजेच्या बळावर नबाबाने तंजावर जिंकले आणि प्रतापसिंहांचे पुत्र तुळजाजी यांना कुटुंबासह कैद केले. 1762 च्या हमीचा कागद कोणी उघडूनही पाहिला नाही. त्यानंतर सुमारे अडीच वर्षे कल्लणैच्या धरणापासून समुद्रापर्यंतच्या गावांचा महसूल नबाबाकडे आणि त्याच्याकडून त्याच्या सावकारांकडे वाहू लागला.

लंडनमधील संचालकांना ही स्वारी मान्य नव्हती. त्यांनी 1775 मध्ये राजांना गादी परत देण्याचा हुकूम काढला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी पिगटला पुन्हा गव्हर्नर म्हणून पाठवले. डिसेंबर 1775 मध्ये तो मद्रासला पोहोचला. पुढच्या वसंतात तो स्वतः तंजावरला गेला आणि 11 एप्रिल 1776 रोजी तुळजाजींची पुनःस्थापना जाहीर झाली. यात परोपकार नव्हता: किल्ल्यात कंपनीची फौज राहणार होती आणि तिचा खर्च राजांनी उचलायचा होता. तरी एक गोष्ट स्पष्ट झाली. मुलूख राजांचा म्हटल्यावर त्याचा महसूलही राजांचा आणि नबाबाने त्यावर काढलेल्या वराती निराधार ठरत होत्या.

नेमक्या याच वेळी बेनफिल्ड पुढे आला. नबाबाने तंजावरच्या महसुलावर आपल्याला 1,62,000 पौंडांचे तनखे दिले आहेत, आणि तंजावरच्या रहिवाशांना उभ्या पिकांच्या तारणावर आपण 72,000 पौंड कर्ज दिले आहे, असे त्याचे म्हणणे होते. पिगटने हा दावा कौन्सिलापुढे ठेवला आणि पुरावा मागितला. बेनफिल्डला पावत्या किंवा हिशेबाचे कागद दाखवता आले नाहीत. काही रकमेची नोंद मद्रासच्या कचेरीच्या दप्तरात सापडेल आणि उरलेले कर्ज नबाब कबूल करील, एवढेच त्याचे उत्तर होते. कौन्सिलाने आधी हा दावा सिद्ध झाला नसल्याचा निर्णय दिला. काही दिवसांतच तोच विषय पुन्हा पटलावर आला आणि बहुमताने निर्णय फिरवला. मधल्या काळात एकही नवा कागद पुढे आला नव्हता. बदलली होती ती केवळ मते, आणि मते देणाऱ्यांपैकी अनेकांचे हितसंबंध नबाबाच्या कर्जात गुंतलेले होते.

या दाव्याची झळ कोणाला बसणार होती, हे विसरता कामा नये. सरकारी वाटा सावकाराच्या नावे लिहून दिला, तरी राज्याचा खर्च थांबत नाही. कालवे उपसावे लागतात, बांध दुरुस्त करावे लागतात, फौजेचा पगार द्यावा लागतो. एकाच राशीतून राजा, कंपनी आणि सावकार अशा तिघांना द्यायचे झाले, तर शेवटी कापला जातो तो कसणाऱ्याचा वाटा. कुंभकोणम किंवा मन्नारगुडीच्या परिसरातील शेतकऱ्याने बेनफिल्डचे नावही कदाचित ऐकले नसेल. त्याच्या खळ्यावर मात्र त्या कागदाचा भार पडणार होता.

पिगटने येथून पुढे जे केले, त्याचे सरसकट समर्थन मी करणार नाही. तंजावरला कंपनीचा प्रतिनिधी म्हणून कोणी जावे, यावर वाद पेटला. पिगटला आपल्या मर्जीतील रसेल हवा होता. बहुमताला कर्नल जेम्स स्टुअर्ट हवा होता. जो तेथे जाईल त्याच्या हाती वसुलाच्या नाड्या येणार, हे दोन्ही पक्ष जाणून होते. पिगटने बहुमताचे ठराव अडवून धरले. ज्याच्यावर आरोप आहे त्याने मतदान करू नये या नियमाचा आधार घेऊन त्याने ऑगस्टमध्ये दोन विरोधी सदस्यांवर आरोप ठेवले आणि आपल्या निर्णायक मताने त्यांना निलंबित केले. हा कायद्याचा सरळ वापर नव्हता. ती शक्कल होती. आपण नबाबाच्या सावकारांना आवरतो आणि राजांभोवती जमलेल्या सावकारांकडे काणाडोळा करतो, असाही आरोप त्याच्यावर झाला.

बहुमताने प्रत्युत्तर दिले ते अधिक उघड होते. 24 ऑगस्ट 1776 च्या संध्याकाळी पिगट आपल्या गाडीतून किल्ल्याबाहेरील निवासाकडे निघाला असताना त्याला अटक झाली. अटकेची योजना पार पाडणारा कर्नल स्टुअर्ट त्याच दिवशी त्याच्या पंगतीला जेवला होता आणि त्या वेळी त्याच्याच गाडीत शेजारी बसला होता. पिगटला सेंट थॉमस माउंटला नेऊन ठेवले. जॉर्ज स्ट्रॅटन गव्हर्नर म्हणून काम पाहू लागला. बातमी लंडनला पोहोचायला महिने लागले. तेथे भागधारकांनी मोठ्या बहुमताने पिगटची बाजू घेतली आणि त्याला पुन्हा पदावर बसवून मग परत बोलवावे, असा निर्णय झाला. तो हुकूम मद्रासला पोहोचण्यापूर्वीच, 11 मे 1777 रोजी, नजरकैदेत पिगटचा मृत्यू झाला. किल्ल्यातील सेंट मेरी चर्चमध्ये त्याचे दफन झाले.

न्याय झाला का? अटकेला जबाबदार असलेल्या चार कौन्सिल सदस्यांवर इंग्लंडमध्ये खटला चालला, ते दोषी ठरले आणि 1780 मध्ये प्रत्येकाला एक हजार पौंड दंड झाला. ज्यांच्या डोळ्यांसमोर लाखो पौंडांचे व्यवहार होते, त्यांच्या दृष्टीने हा दंड म्हणजे धंद्याचा किरकोळ खर्च होता. बेनफिल्ड त्याच वर्षी पार्लमेंटचा सदस्य झाला आणि पुढे पुन्हा मद्रासला परतला.

पुराव्याचा प्रश्न पिगटबरोबर संपला नाही. 1784 च्या पिटच्या इंडिया अ‍ॅक्टमध्ये नबाबाच्या कर्जांचे मूळ आणि खरेपण तपासावे, असे स्पष्ट कलम होते. कंपनीचे संचालक चौकशीच्या तयारीत असतानाच सरकारच्या नियामक मंडळाने ती बाजूला सारली आणि कर्नाटकच्या महसुलातून दरवर्षी 12 लाख होन, म्हणजे सुमारे 4,80,000 पौंड, वेगळे काढून कर्जे फेडण्याचा हुकूम दिला. फेब्रुवारी 1785 मध्ये एडमंड बर्कने पार्लमेंटमध्ये याविरुद्ध प्रदीर्घ भाषण केले. खासगी लोकांचे न तपासलेले दावे सार्वजनिक तिजोरीवर लादले जात आहेत, हा त्याच्या मांडणीचा गाभा होता. प्रस्ताव हरला. पैसे सुटतात हे दिसताच नवे दावेदार उगवले. 1801 मध्ये कर्नाटकचा कारभार कंपनीने घेतला आणि 1805 मध्ये या नव्या दाव्यांच्या छाननीसाठी आयुक्त नेमले गेले. त्यांच्यापुढे आलेल्या दाव्यांची एकूण रक्कम सुमारे तीन कोटी पौंड होती. कित्येक वर्षांच्या तपासणीनंतर त्यांतील दहावा हिस्साही खरा ठरला नाही. एकोणतीस वर्षांपूर्वी पिगटने एका दाव्यापुरता विचारलेला प्रश्न योग्य होता, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

या चरित्रातून मी तीन निष्कर्ष काढतो. पहिला, सरकारची मोठी लूट तिजोरी फोडून होत नाही. ती दावा दाखल करून, त्यावर शिक्के मिळवून, बहुमताने मंजूर करून होते. दुसरा, अशा लुटीची माहिती आतल्या माणसालाच असते, आणि आतला माणूस क्वचितच धुतल्या तांदळासारखा असतो. तक्रारदाराच्या चारित्र्यावर चर्चा नेली की कागदाची चर्चा आपोआप मागे पडते; बेनफिल्डच्या पाठीराख्यांनी हेच केले. तिसरा, प्रश्न विचारणाऱ्याला कायद्याचे कवच नसेल, तर तो एकतर गप्प बसतो किंवा पिगटप्रमाणे शकला लढवतो आणि स्वतःची बाजू कमकुवत करून घेतो.

अमेरिकेने या तिन्ही गोष्टींची दखल 1863 मध्ये घेतली. यादवी युद्धात लष्कराला निकृष्ट माल पुरवणाऱ्या कंत्राटदारांविरुद्ध लिंकनच्या काळात ‘फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट’ झाला. 1986 च्या दुरुस्तीनंतर त्याचे आजचे रूप असे आहे: सरकारकडे खोटा दावा करणाऱ्याकडून नुकसानीच्या तिप्पट वसुली होते, आतली माहिती असलेला नागरिक सरकारच्या वतीने स्वतः दावा लावू शकतो, तो सुरुवातीला सीलबंद राहतो, आणि वसूल झालेल्या रकमेतील साधारण 15 ते 30 टक्के वाटा त्याला मिळतो. याचा लाभ एका भारतीय अभियंत्याने घेतला आहे. रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीतील खोट्या चाचणी-नोंदी दिनेश ठाकूर यांनी उघड केल्या. 2013 मध्ये कंपनीच्या अमेरिकी शाखेने गुन्हा कबूल केला, 50 कोटी डॉलर भरण्याचे मान्य झाले आणि ठाकूर यांना सुमारे 4.8 कोटी डॉलर मिळाले. हीच औषधे भारतीयही घेत होते. आपल्या कायद्यांत मात्र ठाकूर यांना असा दावा लावण्याची सोयच नव्हती.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात एका मृत्यूने झाली. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरव्यवहाराबद्दल सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. नाव गुप्त राहिले नाही. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. त्यानंतर 2004 मध्ये सरकारी ठरावाद्वारे केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रारी स्वीकारण्याची व्यवस्था झाली. दशकभराने, मे 2014 मध्ये, जागल्यांच्या संरक्षणाच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो अमलात आणणारी अधिसूचना निघाली नाही. उलट 2015 मध्ये त्याची व्याप्ती आकसणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेने संमत केले आणि ते पुढे राज्यसभेत व्यपगत झाले. मूळ कायदाही तुटपुंजा आहे. त्यात निनावी तक्रारीला स्थान नाही, वसुलीत वाटा नाही आणि नागरिकाला न्यायालयात स्वतः दावा लावण्याचा अधिकारही नाही.

बक्षिसाच्या कल्पनेवर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. इंग्लंडमध्ये धंदेवाईक खबऱ्यांचा उपद्रव एवढा वाढला होता, की तेथील संसदेने 1951 मध्ये ही जुनी पद्धत रद्द केली. अमेरिकेनेही 1943 मध्ये वृत्तपत्रांतील माहितीवर दावे ठोकणाऱ्यांना आवरले होते. आपल्या न्यायालयांवरील भार पाहता सावधगिरी हवीच. परंतु उपाय रचनेत आहे: जी माहिती आधीच जाहीर आहे तिच्यावर बक्षीस नाही, प्रत्यक्ष वसुली झाल्याशिवाय वाटा नाही, आणि जाणूनबुजून खोटा दावा करणाऱ्याला खर्चाचा भुर्दंड.

कावेरीच्या खोऱ्यात आज मेलवारम नाही. भाताचा सर्वांत मोठा ग्राहक मात्र पुन्हा सरकारच आहे. तमिळनाडू नागरी पुरवठा महामंडळाच्या थेट खरेदी केंद्रांवर शेतकरी आपली पोती घेऊन उभे राहतात. तेथे पोत्यामागे पैसे मागितले जातात आणि व्यापाऱ्यांचे भात शेतकऱ्यांच्या नावावर खपवले जाते, अशा तक्रारी शेतकरी संघटना वारंवार करतात. त्या खऱ्या असतील तर त्यांचा पुरावा कोणाकडे असेल? केंद्रावर वजन लिहिणाऱ्याकडे, पोती मोजणाऱ्या हमालाकडे, दाखला देणाऱ्या गावच्या कर्मचाऱ्याकडे. यांपैकी कोणीही गव्हर्नर नाही. गव्हर्नरलाही जे कवच मिळाले नाही, त्याची अपेक्षा या माणसांनी कोणाकडून करावी?

म्हणून केंद्र सरकारने पहिले काम करावे ते 2014 चा कायदा दुबळ्या दुरुस्तीविना अमलात आणण्याचे. त्यासाठी संसदेचीही गरज नाही. एक अधिसूचना पुरे. दुसरे काम, सरकारकडे केलेल्या खोट्या दाव्यांविरुद्ध अनेकपट वसुलीची तरतूद असलेला स्वतंत्र दिवाणी कायदा करण्याचे. तिसरे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त: ज्याचा दाव्यात हितसंबंध आहे त्याने त्या दाव्यावर मत देऊ नये, आणि कागद पाहिल्याशिवाय पैसे सोडू नयेत. मद्रासच्या कौन्सिलाने 1776 मध्ये एवढे पाळले असते, तर तीन कोटी पौंडांच्या दाव्यांच्या छाननीसाठी आयुक्त नेमण्याची वेळ कदाचित आलीच नसती.